“आधी त्याला विचार”

आमच्या गणिताच्या सरांविषयी या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील, आणि बहुतेकांना स्कॉलरशिपचे जादा तास आठवतील. मला त्यांची रबराची चटई आठवते.

आठवीत आमच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आला. अशा मुलांना नेहमीच्या शाळेत घेण्यासाठी केंद्राची योजना १९७४ पासून होती, पण आपल्या गावात ती कुणाच्या गावीही नव्हती. अपंग व्यक्ती कायदा यायलाही अजून अवकाश होता. तो कायदा आला १९९५ मध्ये. सरांनी सगळा भार स्वतःवर घेऊन त्या मुलाला वर्गात बसवलं.

ब्रेल तो अंधशाळेत शिकून आला होता. अडलं भूमितीवर. अंध मुलांना गणित हा विषयच सोडायला लावायचा, ही तेव्हाची सर्रास रीत. सरांना ती अजिबात मान्य नव्हती. त्यांनी चपलेच्या तळव्याचं रबर आणलं, त्यावर जाड कागद पसरला आणि बाईंच्या शिवणाच्या डब्यातलं दातेरी चाक घेतलं. कागदाच्या मागून चाक फिरवलं की पुढे ठिपक्यांची रेघ उठते. मात्र आकृती उलटी काढावी लागते. ब्रेल पाटीवरही उजवीकडून डावीकडेच टोचतात. माझा हात स्थिर, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

स्पर्शिकेच्या धड्याला तो थांबला. मी त्याचं बोट धरून रेघेवरून फिरवू लागले, तर सर म्हणाले, “अगं, हात सोड त्याचा. आधी त्याला विचार, कुठे अडलंय ते.” तो लगेच म्हणाला, “सर, स्पर्शिका कळली. पण दोन्ही रेघा सारख्याच लागतात, वर्तुळ कुठलं तेच कळत नाही.” त्या दिवसापासून वर्तुळ ठिपक्यांचं आणि स्पर्शिका चिकटवलेल्या दोऱ्याची. तोडगा त्याच्याच तक्रारीतून निघाला. आज विशेष शिक्षिका म्हणून मी कुठलंही साहित्य करायला घेते ते मुलाशी बोलल्यावरच.

बारावीनंतर घरचे डी.एड.चं म्हणत होते. दृष्टिदोष विषयातल्या विशेष शिक्षण पदविकेचा अर्ज सरांनीच आणला, आणि माझ्या वडिलांशी बोलायलाही तेच आले. पुढे माझ्या अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांचा फोन ठरलेला: पेपर लिहून देणारा लेखनिक मिळाला का? तासाला वीस मिनिटं जादा देतात ना? अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला तेव्हा म्हणाले, “अपंगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस झाले. आता तुमचं काम तिपटीनं वाढलं.” किती आनंद होता त्यांच्या आवाजात!

सर गेले. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वार बांधायचं घाटतंय असं ऐकते. माझी कळकळीची विनंती आहे, त्याऐवजी त्या निधीतून अंध मुलांसाठी संसाधन कक्षाची एक खोली करावी: ब्रेल पाट्या, टेलर फ्रेम (स्पर्शानं गणितं मांडायची चौकट), उठावाच्या आकृत्या, आणि दारापर्यंत रॅम्प. शिक्षकांना हे साहित्य करायला शिकवायला मी दर शनिवारी यायला तयार आहे.