लॅपटॉप बदलला, मशीन तेच आहे

नव्या लॅपटॉपवर पहिल्याच संध्याकाळी मी पंपाच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, मॉडेल उघडले, माउसचे मधले चाक दाबून ते फिरवायला घेतले आणि ते सलग न फिरता धक्के खात फिरू लागले. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे एवढ्याच कारणासाठी आम्ही साध्या लॅपटॉपपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते, आणि तरीही नऊ वर्षे वापरलेल्या जुन्या लॅपटॉपपेक्षा काम संथ चालले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढचे आठ दिवस ग्राफिक्स मार्गी लावण्यात आणि जुने प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर आणण्यात गेले. आमच्यासारख्या लहान वर्कशॉपमध्ये कोणी याच कामाला बसणार असेल तर त्याला उपयोग व्हावा, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचे पॅटर्न शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांना, लागणारे पॅटर्न (वाळूच्या साच्यात आकार उमटवणारे नमुने) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा घडवणारे साचे) आम्ही बनवतो. वडिलांनी सुरुवात सागवानी लाकडात केली. आता बहुतेक पॅटर्न ॲल्युमिनियमचे असतात आणि सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या, मिलिंग मशीनवर कापले जातात. ड्रॉइंगवरून कॅड प्रोग्राममध्ये थ्रीडी मॉडेल करायचे, त्याला श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो त्याची वाढ), मशिनिंग अलाउन्स (नंतर कापून काढायची जादा जाडी) आणि ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना उतार) द्यायचा, कॅम प्रोग्राममध्ये टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, काढायचा आणि तो प्रोग्राम मशीनला पाठवायचा, हे माझे काम. जुना लॅपटॉप २०१६ मध्ये घेतलेला होता. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नव्हते. एरवी मी तो बदलला नसता.

नवा लॅपटॉप घरात आला त्या दिवशी वडील एवढेच म्हणाले, "जुना इतक्यात पुसू नकोस गं. नव्यावरनं एक जॉब पुरा कापून काढ, मग बघू." मी ते ऐकले, आणि ऐकले म्हणूनच पुढचे सगळे निभावले.

आधी ग्राफिक्सचे सांगते. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातली इंटेलची, जी कमी वीज खाते. दुसरी एनव्हिडियाची स्वतंत्र, जी जड कामासाठी आहे. अशा रचनेत पडद्याची जोडणी बहुधा पहिल्या चिपला असते, आणि दुसरी चिप चित्र तयार करून पहिलीच्या हवाली करते. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही नावे दिसली, दोन्हींचे ड्रायव्हर बसलेले आहेत असे दिसले, तरी आपला प्रोग्राम प्रत्यक्षात कोणती चिप वापरतो आहे याचे उत्तर तिथे मिळत नाही. ते उत्तर टास्क मॅनेजरमध्ये मिळते. परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन आलेख असतात. ते पडद्याच्या एका बाजूला उघडे ठेवून दुसऱ्या बाजूला मी मॉडेल फिरवत राहिले. एनव्हिडियाचा आलेख सपाट राहिला, इंटेलचाही जवळपास सपाटच राहिला, आणि प्रोसेसरचा मात्र वर चढला.

याचा अर्थ असा होता की दोन्ही चिप रिकाम्या बसल्या होत्या आणि तीन लाख त्रिकोणांचे ते केसिंग एकटा प्रोसेसर रंगवत होता. मी कॅड प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरले तेव्हा सॉफ्टवेअर ओपनजीएल, म्हणजे चित्र कार्डाऐवजी प्रोसेसरकडून रंगवून घेणे, या पर्यायावर खूण झालेली दिसली. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अजून उतरत होता. कार्ड ओळखता न आल्यामुळे प्रोग्रामने सुरक्षित मार्ग धरला आणि नंतर कार्ड तयार झाले तरी तो मार्ग सोडला नाही. ती खूण काढायला गेले तर पर्याय करड्या रंगात, दाबताच येईना. सगळ्या फाइल बंद करून, नुसता रिकामा प्रोग्राम उघडा ठेवल्यावर तो दाबता आला. या एका गोष्टीत माझा अर्धा दिवस गेला.

खूण काढल्यावर मॉडेल बरे फिरू लागले, पण आता चढत होता तो इंटेलचा आलेख. दुसरी गाठ इथे होती. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स असे गेल्यावर प्रोग्रामांची यादी येते. यादीत आपला प्रोग्राम नसेल तर त्याची ईएक्सई फाइल शोधून स्वतः घालावी लागते आणि मग हाय परफॉर्मन्स हा पर्याय निवडता येतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, मॉडेल फिरवले, आणि एनव्हिडियाचा आलेख पहिल्यांदा हलला. केसिंग हातात धरून फिरवावे तसे सलग फिरले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमच्या कॅम प्रोग्राममध्ये टूलपाथ काढणारी ईएक्सई वेगळी आणि कटिंगचे सिम्युलेशन दाखवणारी वेगळी आहे, त्यामुळे एकीला दिलेली परवानगी दुसरीला लागू होत नाही. दोन्ही फाइल यादीत स्वतंत्रपणे घालाव्या लागल्या.

ड्रायव्हरबाबत माझे मत स्पष्ट आहे. एनव्हिडिया खेळांसाठी गेम रेडी आणि कामासाठी स्टुडिओ असे दोन प्रकारचे ड्रायव्हर देते. ज्याचे पोट कॅडवर चालते त्याने स्टुडिओ घ्यावा आणि सगळे सुरळीत चालू असताना दर महिन्याला नवा ड्रायव्हर बसवण्याच्या मागे लागू नये. बॅटरीवर असताना स्वतंत्र चिप आपला वेग आवरता घेते, म्हणून वर्कशॉपमध्ये लॅपटॉप चार्जरला लावूनच मोजमाप करावे, नाहीतर नसलेला दोष शोधत बसावे लागते. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये फक्त प्रोसेसरमधली चिप आहे त्यांनी रॅम एकच मोठी घेण्याऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, कारण त्या चिपला स्वतःची मेमरी नसते आणि दोन पट्ट्या असल्या की तिला माहिती दुहेरी मार्गाने मिळते.

अक्षरांचा त्रास त्यामानाने लहान होता. नवा पडदा आकाराने तेवढाच, पण बिंदू जास्त. विंडोजने सगळे दीडपट मोठे करून दाखवले आणि जुना कॅम प्रोग्राम धुक्यातून पाहावा तसा दिसू लागला. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटीच्या पानावर हाय डीपीआयचा पर्याय आहे. त्यात ॲप्लिकेशन निवडल्यावर बटणे मुंगीएवढी झाली, सिस्टिम एन्हान्स्ड निवडल्यावर आकडे स्वच्छ दिसले. मी दुसरा पर्याय कायम केला.

आता प्रोग्राम आणण्याविषयी. अनेकांचा समज असतो, आणि माझाही पूर्वी होता, की प्रोग्राम फाइल्स हे फोल्डर उचलून नव्या लॅपटॉपवर ठेवले की काम झाले. तसे होत नाही. बसवताना प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी करतो, सामाईक डीएलएल फाइल ठेवतो, लायसन्सची सेवा सुरू करतो. नुसते फोल्डर आणले तर यातले काहीच सोबत येत नाही. म्हणून प्रोग्राम मूळ इन्स्टॉलरवरूनच नव्याने बसवावेत हे उत्तम. माझ्याकडे कॅमची मूळ डीव्हीडी होती पण नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवर तिची इमेज करून पेनड्राइव्हने आणली. कॅडचे लायसन्स त्या त्या संगणकाला बांधलेले असते. जुन्यावर ते आधी मोकळे करावे लागते, मगच नव्यावर लागते. जुना लॅपटॉप घाईने फॉर्मॅट केला असता तर लायसन्स त्यातच अडकले असते आणि पुढे विनवण्या करत फोनवर बसावे लागले असते.

कॅमला डोंगल, म्हणजे लायसन्सची खूण म्हणून लॅपटॉपला लावायचे छोटे उपकरण, आहे. नव्या लॅपटॉपला डोंगल लावला तर दिवा लागला नाही, आणि जुना ड्रायव्हर या उपकरणावर चालू शकत नाही असा संदेश आला. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनच्या खाली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा आहे, ती जुन्या पद्धतीने लिहिलेले ड्रायव्हर आत घेत नाही. ती सुरक्षा बंद करण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. मी तो मानला नाही, कारण याच लॅपटॉपवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग येतात आणि बँकेचे व्यवहारही होतात. डोंगल बनवणाऱ्यांचा नवा ड्रायव्हर उपलब्ध होता. तो बसवल्यावर हिरवा दिवा लागला. आधी नवा ड्रायव्हर शोधावा, सुरक्षा उघडी टाकणे हा अगदी शेवटचा मार्ग समजावा.

पण प्रोग्राम बसले म्हणजे आपले काम तिथे आले असे नव्हे. प्रोग्राम पुन्हा मिळतो. त्यात आपण वर्षानुवर्षे केलेले बदल पुन्हा मिळत नाहीत. बिडासाठी (कास्ट आयर्नसाठी) आम्ही साधारण १ टक्का श्रिंकेज धरतो, तो असलेले टेम्प्लेट, आमच्या कटरचे व्यास आणि लांब्या भरलेली टूल लायब्ररी, ड्रॉइंगची चौकट, हे सारे प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसते. काही ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, काही प्रोग्रामडेटामध्ये, काही पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण केल्याशिवाय यातले निम्मे दिसतही नाही.

आणि सगळ्यांत मोलाची होती ती पोस्ट प्रोसेसरची फाइल. टूलपाथ म्हणजे कटर कुठून कुठे जाईल याचा नकाशा. पोस्ट त्याचे आपल्या मशीनला कळणाऱ्या जी कोडमध्ये रूपांतर करते. आमच्या मशीनला आपोआप टूल बदलण्याची सोय नाही. साधी पोस्ट टूल बदलायच्या जागी एम०६ लिहिते. आमच्या कंट्रोलरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाला, तो कोड दिला तर तो काहीही न करता पुढची ओळ वाचतो, म्हणजे जाड कटर लावलेला असतानाच बारीक कटरच्या मार्गावर निघतो. म्हणून वडिलांच्या एका स्नेह्याने कितीतरी वर्षांपूर्वी आमच्या पोस्टमध्ये एम०६ च्या जागी आधी झेड अक्ष वर नेण्याची ओळ, मग एम०५ ने स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) थांबवणे आणि मग एम०० ने मशीन थांबवणे असे तीन टप्पे लिहून दिले. ती साधी टेक्स्ट फाइल आहे, फार तर ४० किलोबाइटची. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याच नावाची मूळ फाइल होती, त्यामुळे यादीत नाव दिसले की सगळे ठीक आहे असे वाटावे. मी तारीख पाहिली म्हणून कळले.

तेव्हापासून मी डोळ्यांवर विसंबले नाही. जुन्या लॅपटॉपवर एका छोट्या कोअर बॉक्सचा प्रोग्राम काढला, त्याच मॉडेलवरून नव्यावर काढला, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी ही आज्ञा देऊन दोन्ही फाइल ओळीओळीने ताडून पाहिल्या. पहिल्या वेळी दोनशेहून अधिक ओळी वेगळ्या निघाल्या, कारण टूल लायब्ररीत एका कटरची फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, मूळ आकड्यावर गेली होती. ती दुरुस्त केली. दुसऱ्या वेळी फक्त एक ओळ वेगळी आली, आणि ती प्रोग्राम काढल्याच्या तारखेची होती.

शेवटी प्रोग्राम मशीनपर्यंत पोहोचवायचा होता. आमचा कंट्रोलर आरएस-२३२ या जुन्या सिरियल पद्धतीच्या केबलवरून प्रोग्राम घेतो आणि तसा पोर्ट नव्या लॅपटॉपला नाही. यूएसबी कन्व्हर्टर घेतला. त्याला कॉम ७ हा पोर्ट क्रमांक मिळाला आणि आमचा जुना डीएनसी, म्हणजे मशीनला फाइल पाठवणारा, प्रोग्राम तर कॉम ४ च्या पुढचे ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून क्रमांक कॉम ३ करता येतो. वेग ९६०० बॉड, ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी ही सेटिंग लॅपटॉप आणि कंट्रोलर दोन्हीकडे जुळली तेव्हा कंट्रोलरच्या हिरव्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. कन्व्हर्टर नेहमी त्याच यूएसबी खाचेत लावावा, खाच बदलली की क्रमांकही बदलू शकतो; मी त्या खाचेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे.

पहिल्यांदा झेड ५० मिलिमीटर वर उचलून प्रोग्राम हवेत चालवला. टूल बदलण्याच्या जागी अक्ष वर गेला, स्पिंडल थांबले, मशीन थांबले. मग ॲल्युमिनियमची प्लेट बांधली. कोअर बॉक्स कापून झाल्यावर वडिलांनी त्यांची जुनी श्रिंकेजची पोलादी पट्टी काढली, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर बिडाच्या आकुंचनाइतका मोठा आखलेला आहे, आणि ड्रॉइंगचे आकडे एकेक करून त्या पट्टीने ताडले. सहावे माप झाल्यावर त्यांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. जुन्या लॅपटॉपचे चार्जर मी गुंडाळून कपाटात ठेवले आहे. तो लॅपटॉप मात्र अजून पुसलेला नाही. कोअर बॉक्स न्यायला शिरोलीहून टेम्पो तिसऱ्या दिवशी आला.