बाटलीतले चार चमचे

"ही बोलायचंच विसरलीये," तिची आई म्हणाली. "घर सुटलं तेव्हा 'पाणी', 'बाबा' एवढं म्हणायची. आता तेही नाही."

मुलगी अडीच वर्षांची. आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेली, आणि हातात बाटली. बाटलीचं रबरी बूच चावून चावून एका बाजूने फाटलं होतं.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. घरदार सोडून यावं लागलेल्या कुटुंबांना एका शाळेच्या सभागृहात तात्पुरता आसरा दिला होता, तिथे आम्ही त्या दिवशी तपासणीला गेलो होतो. मी, एक मदतनीस, दोन पेट्या, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कपाळाला बांधायचा दिवा. एवढ्या लहान मुलाला दवाखान्यातली मोठी खुर्ची लागत नाही. आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतो. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, आणि मग हळूच मागे आडवं केलं की डोकं माझ्या मांडीवर येतं. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो. रडलं तर तोंड उघडतं आणि मला दात दिसतात.

वरचा ओठ उचलला. पुढचे मधले दोन दात, दात म्हणावेत असे राहिलेच नव्हते. हिरडीच्या काठाशी दोन तपकिरी खुंट. शेजारचे दोन हिरडीलगत पिवळे पडून पोखरलेले. डाव्या खुंटाच्या वर हिरडीवर मोहरीएवढी पुळी होती. बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबलं, तर पू आला. मुलगी ओरडली नाही. तिचे दोन्ही हात वर आले आणि तिने माझं मनगट धरलं, बस. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ, पांढरे.

वरचे गेलेले आणि खालचे शाबूत, हे पाहिलं की बाटलीबद्दल विचारावंच लागतं. बाटली तोंडात धरून मूल झोपतं तेव्हा गोड पाणी वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि तिथे लाळही जास्त असते, म्हणून ते वाचतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्ल वाढलं की पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचं माप, उतरतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातले क्षार विरघळायला लागतात. जागेपणी लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि दाताची झीज थोडीफार भरूनही काढते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यात दुधाच्या दातांचं आवरण पातळ. कीड एकदा आत शिरली की काही महिन्यांत दाताचा खुंट होतो.

"रात्री बाटलीत काय देता?"

"साखरेचं पाणी. चार चमचे घालते."

"दूध?"

"दूध कुठून आणू, डॉक्टरबाई?"

माझं पुढचं वाक्य तयार होतं. 'बाटली देऊन झोपवायचं नाही.' हे मी इतक्यांदा बोलले आहे की ते आपोआप ओठांवर येतं. पण तीच पुढे बोलली, माझ्याकडे न बघता. "आम्ही निघालो त्या रात्री कोणी आवाज करायचा नव्हता. हिने तोंड उघडलं असतं तर सगळेच सापडलो असतो. कोणीतरी साखर दिली, पाण्यात घालून पाजली, तेव्हा गप्प झाली. अकरा महिन्यांत ही तिसरी जागा. इथेही रात्री एक पोर रडलं की सगळं सभागृह उठतं, मग लोक बोलतात. बाटली दिली की गप्प राहते."

मी ते वाक्य गिळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी दवाखान्यात एका आईला मी चार माणसांसमोर याच गोष्टीवरून फैलावर घेतलं होतं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि परत आली नाही. तिच्या मुलाच्या दातांचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. त्या सभागृहात मला ती आठवली.

त्या साखरेनेच या मुलीचे दात गेले होते. आणि तिच्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री सगळे वाचले तेही त्या साखरेमुळेच. या बाईला कोणत्या तोंडाने दोष देणार?

पू झाला होता म्हणजे ते दोन खुंट काढणं भाग होतं. दुधाचे दात पडणारच आहेत, मग राहू द्या, असं बरेच जण म्हणतात. पण दुधाच्या दाताच्या मुळाशी पू साठला की वर हाडात तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. लहान मुलांमध्ये सूज पसरतेही फार झपाट्याने. सूज डोळ्याकडे सरकली, ताप चढला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. हिला ताप नव्हता, चेहऱ्यावर सूज नव्हती. हे मी आईला दोनदा सांगितलं, आणि कशाकडे लक्ष ठेवायचं तेही.

आधी मलम, मग सुई, मग वजन पाहून वेदनाशामक. खुंट काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हिरडीवर कापूस दाबून धरला तेव्हा ती रडली, मोठ्याने, सगळं सभागृह वळून बघेल इतकी. आई घाबरून तिचं तोंड झाकायला गेली. मी तिचा हात धरला. "रडू द्या. इथे रडली तर चालेल."

शेजारचे दोन दात आणि पहिल्या दाढा मात्र वाचण्यासारख्या होत्या. त्यांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ड्रिल नाही, सुई नाही, वीज नाही. दात पुसून कोरडा करायचा आणि बारीक ब्रशने एक थेंब लावायचा. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात घट्ट करतं, आणि बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. अशा ठिकाणी यासारखं दुसरं काही नाही. एक गोष्ट आधी सांगावीच लागते: किडलेला भाग कायमचा काळा पडतो.

"काळा?" आईने विचारलं. मग थोडा वेळ मुलीकडे बघत राहिली. "दुखणार नाही ना?"

"काळा आणि टणक झाला म्हणजे कीड थांबली असं समजा. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. पुढचे दोन नवे दात सातव्या वर्षाच्या आसपास येतील."

राहिली बाटली. एका रात्रीत ती बंद करायला मी सांगितलं नाही. रडणारं मूल घेऊन ती बाई त्या सभागृहात कुठे जाणार होती? चार चमच्यांचे तीन करा, म्हटलं. तीन-चार दिवसांनी दोन, मग एक, मग नुसतं पाणी. बाटली राहू दे, साखर जाऊ दे. तिने बोटांवर मोजून पाहिलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत बरीच मुलं पाहिली. बहुतेकांची तीच गत. एक सात वर्षांचा मुलगा एकाच बाजूने चावत होता, आणि ते कधीपासून, हे त्यालाही आठवत नव्हतं. दोन मुलांच्या दातांवर जन्मानंतरच्या उपासमारीच्या खुणा होत्या. आवरण नीट तयारच झालं नव्हतं, खडबडीत, खड्डे पडलेलं. असे दात लवकर किडतात, मग आई कितीही काळजी घेवो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. ज्यांचं घर सुटलं त्यांच्या वाट्याला यातलं जास्तच येतं, हे मला त्या सभागृहात दिसत होतं.

दाराशी मदतीचे खोके रचले होते. बिस्किटं, गोळ्या, सरबताची पाकिटं. माणसं चांगल्या मनाने देतात, पोरांच्या तोंडावर हसू यावं म्हणून देतात, आणि मुलं दिवसभर तेच थोडं थोडं खात राहतात. देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या खोक्यात लहान ब्रश आणि फ्लोराइडची टूथपेस्ट ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यापुढच्याला वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं आणि पाणीही वाचतं. नळावरची रांग बघून हे मी प्रत्येक आईला सांगितलं.

व्यवस्था पाहणाऱ्या बाईंशी बोलून सभागृहाला लागून असलेला एक वर्ग तान्ह्या मुलांच्या आयांना रात्री मोकळा करून घेतला. त्यांना हे सुचलं नव्हतं एवढंच, हरकत काहीच नव्हती.

ती मुलगी दुपारभर आईच्या मांडीवर झोपली होती. तिचं न बोलणं दुखण्यापायीच होतं असं मी म्हणणार नाही. त्या अकरा महिन्यांत तिने काय काय पाहिलं असेल, हे मला दात बघून कळत नाही. बाटली बाजूला पडली होती.

संध्याकाळी पेट्या बंद करत होतो. सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला तिची आई बाटली भरत होती. तिने मला पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि हात वर करून तीन बोटं दाखवली.