तुम्ही विचारलंत म्हणून: दी मातेओच का?

आवडता फुटबॉल मॅनेजर कोण, असं कुणी विचारलं की मी रॉबर्तो दी मातेओ म्हणतो. समोरचा क्षणभर गप्प. मग हमखास, "झिदाननं छातीत डोकं हाणलं तो?" नाही हो, तो मातेराझी! पुढे चेन्नईच्या संघाचा कोच झाला तोच. एका टकरीवर माणूस जन्मभर लक्षात राहतो.

माझा माणूस वेगळा. जन्म स्वित्झर्लंडचा, आईवडील इटालियन. १९९६ साली इटलीच्या लाझिओतून लंडनच्या चेल्सी क्लबात आलेला मिडफिल्डर. १९९७ ची एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या कपची, फायनल सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. यानं आपल्याच हाफात बॉल घेतला आणि सुटला. मिडल्सब्रोचे लोक मागे सरकत राहिले, अडवायला कुणी येईना, म्हणून यानं लांबूनच हाणला. बॉल बारच्या खालच्या अंगाला लागून आत. २००० साली पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि पुढे एकतिसाव्या वर्षी खेळणं संपलं.

मार्च २०१२ मध्ये चेल्सीनं मॅनेजरला काढलं आणि त्याच्या या असिस्टंटला 'तात्पुरतं सांभाळ' म्हणून बसवलं. सांभाळलं कसं, तर चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत, नापोलीविरुद्धची टाय (दोन मॅचेसची लढत) पहिली मॅच ३-१ हरूनही उलटवली, बार्सिलोनाला त्यांच्याच कॅम्प नोऊ मैदानावर दहा जणांत रोखलं आणि फायनल गाठली, तीही म्युनिकमध्ये, प्रतिस्पर्धी बायर्नच्याच घरी. कॅप्टन टेरीसकट चेल्सीचे चार जण सस्पेंड. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजत आलेले, घरात सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. टीमलिस्टमध्ये रायन बर्ट्रंड! चॅम्पियन्स लीगमधली त्याची पहिलीच मॅच, आणि ती फायनल. मी कपाळावर हात मारला. पण त्या पोरानं ॲशली कोलच्या पुढे उभं राहून रॉबेनच्या बाजूला नेटानं बंदोबस्त केला. ८८ व्या मिनिटाला ड्रोग्बाच्या हेडरनं बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट, आणि कप पहिल्यांदाच लंडनला.

लोक म्हणतात, टीम सीनियर खेळाडूच चालवत होते, याचं काय कर्तृत्व? असेलही. पण आधीच्या मॅनेजरनं दुखावलेल्या सीनियरांना पुन्हा मोठेपणा देऊन स्वतः बाजूला राहणं किती मॅनेजरांना जमतं? मोठ्या नावांना तर नाहीच.

नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसकडून ३-० हरल्यावर त्यालाही काढलं. कप जिंकून सहा महिने झाले होते. पुढे जर्मनीच्या शाल्केला घेऊन त्यानं रेआल माद्रिदला त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावर ४-३ हरवलं, तरी टाय गेलीच. इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलात तर काही महिन्यांतच गाशा गुंडाळला.

पण त्याच्या हकालपट्टीनंतर चेल्सीच्या मैदानावर एक गंमत सुरू झाली. मॅच कशीही चालली असो, सोळावं मिनिट आलं की स्टँडमधून टाळ्या. नवीन मॅनेजर बेनिटेझ खाली उभा, आणि वर लोक टाळ्या वाजवतायत त्या माणसासाठी, ज्याच्या पाठीवर कधीकाळी १६ नंबर होता.