हजार यार्डांची निवड चाचणी: माझा अनुभव

कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, तेवढीच काय ती शिदोरी. अमेरिकेत नोकरीला आल्यावर इथल्या एका क्लबात जुन्या पद्धतीची रायफल हातात घेतली आणि या वर्षी संघनिवडीला उतरलो. आमचा सामना न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर १८७४ला झालेल्या अमेरिका-आयर्लंड सामन्याच्या धर्तीवर होतो: सहा जणांचा संघ, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या. दुर्बीण नाही, टेकू नाही, आणि बंदुकीची दारूही जुनी, काळीच.

१८७३ साली एल्को शील्ड ही लांब पल्ल्याच्या नेमबाजीची स्पर्धा जिंकलेल्या आयरिश नेमबाजांनी अमेरिकेला आव्हान दिलं, तेव्हा न्यूयॉर्कचा अमॅच्युअर रायफल क्लब अगदी नवा होता. एवढ्या लांबचा सराव तिथे जवळजवळ कुणालाच नव्हता. तरी चाचण्या घेऊन त्यांनी संघ उभा केला आणि २६ सप्टेंबर १८७४ला लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरला ९३४ विरुद्ध ९३१ असा सामना जिंकला. अमेरिकेच्या फुल्टनने १८०पैकी १७१ गुण केले. पण ९०० यार्डांवर आयरिश संघातल्या मिलनरची गोळी शेजारच्या टार्गेटच्या बुल्स आयमध्ये, म्हणजे अगदी मधोमध, गेली आणि त्याचे चार गुण शून्य झाले. ते चार मिळते तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं. मला तर हा हिशेब आजही अस्वस्थ करतो.

म्हणूनच आमचे कॅप्टन प्रत्येक गोळीआधी टार्गेटचा नंबर मोठ्याने म्हणायला लावतात. पालथं पडायचं, नंबर म्हणायचा, रायफल तिरकी नाही ना हे दाखवणाऱ्या, पुढच्या साइटवरच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायचा, वारा दाखवणाऱ्या झेंड्यांवर नजर टाकायची, मग ट्रिगर. धूर विरेपर्यंत काही दिसत नाही. हजार यार्ड गाठायला गोळीला तीनेक सेकंद लागतात आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक सगळं बिघडवू शकते. नंतर नळी पुसायची. काळ्या दारूची काजळी बसू दिली की पुढची गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

८०० यार्ड सगळ्यांचेच बरे गेले. खरी पारख १०००वर झाली. दुपारी वारा उजवीकडून येता येता मधेच पडायचा, पुन्हा उठायचा. घाई केली ती मंडळी तिथेच मागे पडली. मी वारा पहिल्यासारखा होईपर्यंत थांबत होतो. वेळ संपत आली तरी थांबलो. माझ्यापेक्षा जास्त बुल्स आय मारणारे दोघे होते, पण त्यांच्या कार्डावर शून्यंही होती. सहाही जणांची बेरीज धरतात, कुणाचा स्कोअर वगळत नाहीत, त्यामुळे कॅप्टननी आधी सगळ्यांची वाईटात वाईट कार्डं पाहिली. मला हे मनापासून पटलं, आणि माझी निवड झाली नसती तरी पटलंच असतं.

यादीत माझं नाव आलं. आता रोज संध्याकाळी जेवणं झाली की शिशाच्या गोळ्या काट्यावर तोलत बसतो. वजनात जराही फरक दिसला की ती गोळी सरावाच्या डब्यात जाते.