शेवटची डाइव्ह झाली आणि विमान अलीकडे आलं

शेवटची स्कूबा डाइव्ह (म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात मारलेली बुडी) आणि विमान यांच्यामध्ये किती तास मोकळे ठेवायचे, हा हिशोब मी तिकीट काढतानाच केला होता. विमान कंपनीने एका मेसेजने तो उधळून लावला. तो पुन्हा जुळवून आणताना जी दगदग झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. पुढे कोणावर ही वेळ आली तर त्याने तरी इतकं रखडू नये, म्हणून लिहितेय.

हे तास का लागतात ते आधी सांगते. खोल पाण्यात दाब वाढतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडतो, पण सावकाश. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तितकाच असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना इतक्या कमी दाबात गेलं, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात आणि प्रकरण वाढलं तर मज्जारज्जूपर्यंतही जातं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था डीकम्प्रेशनची (वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून मध्ये थांबण्याची) गरज नसलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, रोज अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगते. डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. अनेक इन्स्ट्रक्टर सरसकट २४ तास सांगतात, आणि मीही तेच पाळते.

त्या दिवशी साडेअकराला मी बोटीवर आले होते. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचं, म्हणजे सत्तावीस तास हातात. डाइव्ह सेंटरवर रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) धुवायला घेतला तेव्हा फोन वाजला: ‘आपल्या विमानाची वेळ बदलली आहे.’ नवी वेळ पहाटे ३.४०. सत्तावीसचे सोळा झाले. डाइव्ह तर होऊन गेलेली, ती काही रद्द करता येत नाही.

कंपनीच्या ॲपवर तारीख बदलायला गेले तर कारण निवडा म्हणे. आजारपण, कुटुंबातील मृत्यू, व्हिसा, वैयक्तिक. ‘वैयक्तिक’ निवडलं की जवळपास नव्या तिकिटाइतका आकार. ‘आजारपण’ निवडलं की डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. हेल्पलाइनला फोन लावला, बराच वेळ संगीत ऐकलं, मग एका मुलीने फोन घेतला. तिला नायट्रोजनपासून सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, मग तुम्हाला आत्ता काही त्रास होतोय का?” नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग तुम्ही प्रवास करू शकता.”

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, “तुम्ही ठणठणीत आहात, आजारी आहात असं मी लिहू शकत नाही.” त्यांचं बरोबरच होतं. आजार होऊ नये म्हणून थांबणाऱ्या माणसासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, ही खरी अडचण. डाइव्ह सेंटरच्या इन्स्ट्रक्टरने मात्र लेटरहेडवर शेवटच्या डाइव्हची तारीख, पाण्याबाहेर आल्याची वेळ, खोली आणि किमान किती तास विमानप्रवास करू नये, हे लिहून शिक्का मारून दिलं.

ते पत्र घेऊन संध्याकाळीच विमानतळावरचा काउंटर गाठला. तिथल्या माणसाने पत्र उलटसुलट केलं आणि म्हणाला, “हे डॉक्टरांचं नाही.” मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे डाइव्हचा हिशोब ठेवणारं घड्याळ, दाखवला. स्क्रीनवर काट मारलेलं छोटं विमान आणि शेजारी उरलेले तास. त्याने तेही पाहिलं, आणि पुन्हा आकार किती होईल ते सांगायला लागला. मी म्हटलं, “तुमच्या वरिष्ठांना बोलवा, मी इथेच थांबते.” माझ्यामागे रांग वाढत होती, लोक चुळबुळत होते. तरी मी तिथून हलले नाही, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी ना पत्र पाहिलं, ना घड्याळ. बुकिंग उघडलं आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, “वेळ आपणच बदलली आहे ना? मग आकार कसला?” पाच मिनिटांत दुसऱ्या रात्रीचं तिकीट हातात आलं, एक पैसाही न देता. माझा जीव भांड्यात पडला, पण दुपारपासून हेच एक वाक्य कोणी का बोललं नाही, याचा संतापही आला.

म्हणून सांगते, नायट्रोजनवर वाद घालू नका. पहिलं वाक्य हेच बोला: “वेळ तुम्ही बदलली आहे, मला दुसरं विमान द्या.” कंपनीने स्वतःहून वेळ बरीच बदलली तर विनाशुल्क दुसरं विमान किंवा पैसे परत, अशी तरतूद बहुतेक कंपन्यांच्या अटींत असते. किती तासांचा बदल लागतो ते कंपनीगणिक वेगळं, तेवढं तिकीट काढतानाच वाचून ठेवा. वेळ बदलल्याचा मेसेज पुसू नका. आणि हे सगळं विमान सुटायच्या आत करा. न सांगता गैरहजर राहिलात तर पुढच्या टप्प्याचं तिकीटही रद्द होऊ शकतं.

मिळालेला दिवस सामान वाळवण्यात गेला, ते एका परीने बरंच झालं. ओला वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जाकीट) बॅगेचं वजन भलतंच वाढवतात. बीसीडीच्या आतही गोडं पाणी घालून हलवा आणि ओतून टाका. रेग्युलेटर भिजवताना त्याचं टोपण घट्ट लावलेलं असू द्या आणि पर्ज बटण (तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका, नाहीतर पाणी आत शिरतं. वेटसूट सावलीत वाळवा. टॉर्चची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात न्या, टोकांना चिकटपट्टी लावून. चाकू मात्र चेक-इन बॅगेत.

एक राहिलंच. या मधल्या तासांत डोंगर चढायला किंवा घाटातून गाडीने उंचावर जायचा बेत करू नका, तिथेही दाब कमीच होतो. श्वास रोखून खोल बुड्या मारणंही टाळा. आणि घरी पोचल्यावर सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर जाळीदार चट्टे उठले, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. तडक डॉक्टरांकडे जा, आणि काय होतंय हे सांगायच्या आधी शेवटची डाइव्ह कधी केली ते सांगा.