फुटबॉलवाल्यांनी आपलं किट आपणच धुवावं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसमध्ये आहे, म्हणजे डाइंग-फिनिशिंग, आणि सुट्टी असली आणि मॅच असली की कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर. त्यामुळे कपडे आणि फुटबॉल दोन्हीतलं कळतं असा लोकांचा समज आहे आणि हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. ही इंग्लंडमधली वगैरे पोरं आठवड्याला कोटींत कमावतात, मग प्रॅक्टिसचं घामेजलेलं किट, म्हणजे जर्सी-शॉर्ट-मोजे, जमिनीवर फेकून निघून कशी जातात, स्वतः धुवायला नको का? विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, मी फक्त मान डोलवायची असते, की हो हो धुवायलाच पाहिजे, मस्ती उतरेल.

माझं उत्तर नाही असं आहे. निदान प्रोफेशनल खेळाडूंनी तरी नको.

आधी कापडाचं बोलतो, कारण तिथेच लोक घोळ करतात. जर्सी म्हणजे पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर पाणी पितच नाही, कॉटन हवेतला ओलावा साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतं तिथे पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. घाम आत न मुरता पसरतो आणि उडून जातो, म्हणून तर खेळायला बरं. पण अंगाचं तेल मात्र पॉलिएस्टरला भयंकर आवडतं, ते धाग्याला चिकटून बसतं आणि त्यावर बॅक्टेरिया पोसतात. 2014 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी 26 जणांना तासभर जिममधल्या सायकलवर दामटवलं आणि मग त्यांचे टीशर्ट तपासले, तर पॉलिएस्टरचे टीशर्ट कॉटनपेक्षा जास्त घाण वास मारत होते आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस नावाचे जंतू मजेत वाढत होते. आपल्याला हे सांगायला बेल्जियम कशाला पाहिजे, कुठल्याही टीमची बॅग उघडा. पण मुद्दा असा की हे कापड नीट धुणं म्हणजे बादलीत बुचकळून पिळणं नव्हे. पाणी फार गरम झालं किंवा ड्रायर कडक लागला तर हीट प्रेसने, म्हणजे गरम दाबून, चिकटवलेला नंबर आणि लोगो सुटायला लागतो, पाणी थंड ठेवलं तर तेल निघत नाही, आणि कुणी हौसेने सॉफ्टनर ओतलं की त्याचा थर धाग्यावर बसून घाम पसरायची सगळी किमयाच बंद, ज्यासाठी आम्ही फिनिशिंगला एवढा जीव काढलेला असतो.

आता हिशोब करा. 25 खेळाडू, प्रत्येकी शर्ट, शॉर्ट, मोजे, आतला बनियन, वरचं जॅकेट असे पाच नग धरले तर सव्वाशे, दोन सेशन असले तर अडीचशे, आणि उद्या सकाळी ज्याचं त्याच्या जागेवर घडी घालून हजर पाहिजे. याला किटमन, म्हणजे टीमचे कपडे-सामान सांभाळणारा माणूस, लागतो, लॉन्ड्री लागते, मोठी मशीन लागतात. ही अख्खी नोकरी आहे हो. आणि खेळाडूंना धुवायला लावा असं म्हणताना आपण नकळत म्हणतो की ही नोकरी बंद करा.

हे मी हवेत बोलत नाही, इंग्लंडच्या लीड्स युनायटेडने करून दाखवलंय. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेची, सेमीफायनल खेळलेला क्लब, नंतर कर्जात बुडाला, 2004 मध्ये प्रीमियर लीग या तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधून खाली गेला. 2014 मध्ये मास्सिमो चेल्लिनो नावाचा इटालियन मालक आला आणि खर्च वाचवायचा म्हणून त्या उन्हाळ्यात थॉर्प आर्चच्या ट्रेनिंग ग्राउंडला कात्री लावली. बातम्या आल्या की खेळाडूंना सांगितलंय, डबा घरून आणा आणि किट घरी धुवा. आपल्याकडच्या ग्रुपवर तेव्हा लोक खूश, बघा कशी जिरवली! पण जिरली कुणाची? खेळाडूचा पगार एका पैशानेही कमी होत नाही, त्याच्या घरी वॉशिंग मशीन असतंच, आणि बटण दाबणारं माणूस तोच असेल अशी पैज मी लावणार नाही. किट घरी जायला लागलं की काम जातं ते लॉन्ड्रीवाल्याचं. मालकाला पैसे वाचवायचे होते, त्यात खेळाडूंना माणुसकी शिकवायचा विचार कुठून येणार, तो अर्थ आपण इथे बसून चिकटवला.

आणि खेळाडूंनी किट धुतलेलंच नाही असंही नाही. ही गोष्ट मला फार आवडते आणि तितकाच रागही येतो. अ‍ॅलेक्स स्कॉट, लंडनच्या आर्सेनल क्लबच्या बायकांच्या टीमची राइट बॅक, म्हणजे उजवीकडची डिफेंडर, पुढे इंग्लंडसाठी 140 मॅच खेळली, आता टीव्हीवर दिसते. फुटबॉलवर पोट भरत नव्हतं म्हणून ही बाई आर्सेनलच्याच लॉन्ड्रीत काम करायची आणि पुरुषांच्या टीमचे कपडे धुवायची. 2007 मध्ये युएफा विमेन्स कप या बायकांच्या युरोपियन क्लब कपची फायनल दोन मॅचची होती, पहिलीत स्वीडनमध्ये उमेओ क्लबविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये तिनेच गोल मारला, दुसरी मॅच 0-0, कप आर्सेनलचा, इंग्लंडच्या कुठल्याही क्लबने तो पहिल्यांदाच जिंकलेला. त्या टीमचे मॅनेजर व्हिक एकर्स, आणि ते पुरुषांच्या टीमचे किटमन होते! म्हणजे युरोपचा कप जिंकणारा कोच पुरुषांचं किट सांभाळतोय आणि विनिंग गोल मारणारी तेच किट धुवून आलेली. 'किट धुतलं की माणूस नम्र होतो' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, अ‍ॅलेक्सला आणखी किती नम्र करायचं होतं?

इंग्लंडमधले जुने लोक मग बुटांचं काढतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिथे सोळा-सतरा वर्षांची अ‍ॅप्रेंटिस पोरं सीनियर लोकांचे बूट घासायची, ड्रेसिंग रूम झाडायची, मग अकॅडम्या आल्या आणि ते मागे पडलं. त्यामुळे आजची पोरं बिघडली असं म्हणतात. असेल बाबा. पण नीट बघा, पोरगा घासत होता ते दुसऱ्याचे बूट. ज्याचे बूट होते तो काय शिकत होता? हाताखाली पोरगा मिळाला की बूट आपोआप चकाचक होतात, एवढंच.

जपानचं उदाहरणही देतात, 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये रोस्तोव्हला बेल्जियमविरुद्ध 2-0 पुढे असताना 3-2 ने हरले, घरी जायची वेळ, तरी ड्रेसिंग रूम लख्ख करून रशियन भाषेत 'थँक्यू' लिहून गेले. कौतुकच आहे. पण ते आपला पसारा आवरून गेले, सफाईवाल्याची नोकरी काढून नाही घेतली. जेवल्यावर आपलं ताट उचलून ठेवणं वेगळं आणि हॉटेलची मोरी घासायला बसणं वेगळं.

तुम्ही म्हणाल आमच्या कोल्हापुरात काय, पेठांच्या तालमींच्या टीममधली पोरं कुठे किटमन ठेवतात. नाही ठेवत. किट घरी येतं आणि बहुतेक घरांत आई धुते, नाहीतर बहीण, लग्न झालं असलं की बायको. 'आमची पोरं स्वतःचं स्वतः करतात' असं छाती फुगवून सांगणाऱ्या माणसाला त्याच्या आईसमोर विचारा एकदा. मला म्हणूनच हा प्रश्न विचारणाऱ्यांचा थोडा राग येतो, हजारो मैलांवरच्या करोडपतीने स्वतः धुवावं असं वाटतं आणि स्वतःची बनियन बाथरूमच्या दाराला लटकलेली असते.

माझं म्हणाल तर प्रोफेशनल खेळाडूकडून मला एवढंच पाहिजे: मोजे सुलटे करून टाका, त्यातली टेप आणि नडगीवरचं शिनगार्ड काढा, बुटांचा चिखल बाहेर झटका, आणि किटमनचं नाव माहीत असू द्या. उलटा, बोळा झालेला, चिखलाने भरलेला मोजा दुसऱ्याने हात घालून सरळ करायचा यासारखं किळसवाणं काम नाही, आणि तसे पन्नास मोजे असतात. सोळा वर्षांखालच्या पोरांचं वेगळं, त्यांनी धुवावं आणि ते स्वतःचंच, कारण त्यांना पगार नाही आणि त्यांच्यामुळे कुणाची नोकरीही जात नाही.

आणि घरचं कसं धुवायचं हा पुढचा प्रश्न येणारच, तर जर्सी उलटी करून, पाणी कोमट, पावडर नेहमीपेक्षा कमी, सॉफ्टनर अजिबात नाही, सावलीत वाळत घाला आणि नंबरवरून इस्त्री फिरवू नका. मॅचवरून आल्या आल्या धुवा, दोन दिवस बॅगेत कोंडून ठेवलेल्या जर्सीला माझ्याकडेही औषध नाही.