अकरा वह्या, तेवीस कॅसेटी आणि एक बंद पडलेली डिस्क

14 सप्टेंबर 2022, बुधवार. गणपती विसर्जन होऊन पाच दिवस झाले होते. दुपारी अडीचच्या सुमारास मी पान 196 चं प्रूफ दुरुस्त करत बसले होते आणि लाईट गेली. यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि तोही बंद पडला. त्याची बॅटरी बदलायला झाली होती, मे महिन्यापासून. थोड्या वेळाने लाईट आली, मी सीपीयूचं बटण दाबलं आणि आतून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मग तीन-चारदा लागोपाठ, आणि पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

मी सांगलीत घरून डीटीपीचं काम करते, 2003 पासून. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल. यातलं काही गेलं तर नुकसान होतं, पण ते पुन्हा करता येतं. त्या डिस्कवर जे होतं ते पुन्हा करता येण्यासारखं नव्हतं.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी खानापूर आणि आटपाडीकडच्या गावांतून तीस वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. अकरा वह्या, निळ्या शाईत, समासात तांबड्या पेनने गावाचं नाव आणि बाईचं वय. सोबत तेवीस कॅसेटी. 2018 च्या हिवाळ्यात पुस्तकासाठी म्हणून मी त्या सगळ्या वह्या स्कॅन केल्या आणि कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. मग ऑगस्ट 2019 चा महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गुरुजींचं घर नदीच्या बाजूला. पाणी उतरल्यावर कपाटातून वह्या काढल्या तेव्हा त्यांचा लगदा झाला होता, आणि कॅसेटींच्या फिती चिखलाने एकमेकींना चिकटल्या होत्या. तेव्हा गुरुजी मला म्हणाले होते, "पोरी, तुझ्याकडं आहेत म्हणून मला झोप लागती."

तो टक् टक् आवाज ऐकताना हेच वाक्य माझ्या कानात होतं.

पहिल्या तासात मी एक मोठी चूक केली. तीन वेळा बंद-चालू केलं. हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात, मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेऱ्या फिरणाऱ्या, आणि त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. हेडला आपली जागा सापडली नाही की त्याचा दांडा मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. टक् आवाज येतो तो त्याचाच. हेड बिघडलेलं असेल तर ते चकतीवर घासण्याची भीती असते, आणि जिथे घासलं तिथला डेटा कायमचा गेला. म्हणजे अशा डिस्कला प्रत्येक वेळी करंट देणं हा जुगार. हे मला नंतर कळलं. तुम्हाला तो आवाज आला, तर वायर काढा आणि हात लावू नका, एवढं आधी सांगून ठेवते.

दुसरी चूक म्हणजे मी डिस्क जवळच्या एका दुकानात दिली. तिथल्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. तो म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून सॉफ्टवेअरने काढू." फॉरमॅटला मी ठाम नाही म्हटलं, पण सॉफ्टवेअर लावायला होकार दिला. रात्रभर ते चालू होतं. असली सॉफ्टवेअरं चुकून पुसलेल्या फायलींना उपयोगी पडतात, पण जिचं हेडच गेलंय अशा डिस्कला रात्रभर फिरवून काय मिळणार? सकाळी गेले तर आवाज बदलला होता. टक् च्या जागी बारीक घरघर.

त्या दिवशी मी डिस्क परत आणली, सुती रुमालात गुंडाळली आणि देवघराखालच्या खणात ठेवली. गुरुजींना सांगायला दोन दिवस धीर होईना. शेवटी गेले. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

माझ्याकडे बॅकअप नव्हता का? मला वाटत होतं की आहे. टेबलावर दोन टीबीची बाहेरची डिस्क कायम जोडलेली असायची. पण मी तिच्यावर करत काय होते, तर संगणकावर जागा कमी पडली की जुनी कामं तिकडे हलवत होते. हलवत होते, कॉपी करत नव्हते. म्हणजे जुनी कामं फक्त बाहेरच्या डिस्कवर आणि चालू कामं फक्त आतल्या. दोन डिस्क असूनही प्रत्येक फाईल एकाच ठिकाणी. जागा करणं आणि प्रत ठेवणं यातला हा फरक एकोणीस वर्षं या धंद्यात काढूनही मला कळला नव्हता, आणि ओळखीच्या कितीतरी टेबलांवर आजही तेच चाललेलं मी बघते.

सोमवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका लॅबमध्ये डिस्क दिली. त्यांनी आधी विचारलं, "उघडली होती का कुणी?" नव्हती, हे एक नशीब. साध्या खोलीत डिस्कचं झाकण उघडलं तर धुळीचा एक कणसुद्धा चकतीची वाट लावू शकतो. त्यांनी तपासून सांगितलं की हेड गेलंय आणि एका चकतीवर ओरखडा आहे. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवायची, तिची हेडं काढून हिला बसवायची आणि मग हिचा एक-एक सेक्टर, म्हणजे डेटा साठवणारा छोटा कप्पा, उचलत दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायची. फायली शोधायच्या त्या नकलेत, मूळ डिस्कला पुन्हा त्रास द्यायचा नाही. खर्च 32,000 रुपये, आणि मिळेलच याची हमी नाही. पण त्यांची एक गोष्ट मला पटली. काय काय निघालं त्याची यादी आधी दाखवू, ती बघून पैसे द्या, असं ते म्हणाले. अशी यादी न दाखवता पूर्ण पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाऊ नये असं माझं मत आहे. मीही त्यांना एक कागद लिहून दिला, आधी काय हवं त्याचा. पहिलं वह्यांचं फोल्डर, दुसरं कॅसेटींचं, तिसरं पुस्तकाच्या मांडणीचं. बाकी मिळालं तर मिळालं.

एकोणीस दिवस गेले. यादी आली ती मोबाईलवर, आणि मी ती गॅसजवळ उभी राहून वाचली. वह्यांची सुमारे 1,800 पानं, त्यातली चौदा सोडून सगळी. तेवीसपैकी एकवीस कॅसेटी धड. चौदावी आणि एकोणिसावी फाईल उघडत नव्हती. पुस्तकाची मांडणी अजिबात नाही, ती नेमकी ओरखड्याखाली गेली होती. मी गुरुजींना फोन केला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आता मांडणीची गोष्ट, कारण मराठीत काम करणाऱ्यांना ही अडचण हमखास येणार आहे.

212 पानांच्या पुस्तकातली पहिली 140 पानं मी दुसऱ्या प्रूफाच्या वेळी पीडीएफ करून गुरुजींच्या लेकीला ईमेल केली होती. ती हैदराबादला असते. ते ईमेल तिच्याकडे तसंच होतं. पीडीएफ उघडली, पानं डोळ्यांना अगदी व्यवस्थित, कारण फॉन्ट तिच्यातच बसलेला असतो. पण मजकूर उचलून नव्या संगणकावर चिकटवला तर काय? डोक्यावर टिंबं असलेली रोमन अक्षरं, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह. एकही मराठी अक्षर नाही. मी ते पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलं होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन चिन्हांचाच असतो, फक्त त्या चिन्हांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असतात. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. आणि ज्या सॉफ्टवेअरबरोबर तो फॉन्ट आला त्याची माझी आवृत्ती नव्या विंडोजवर चालेना, त्याचं कुलूपही, म्हणजे परवाना तपासायला संगणकाला जोडायचं छोटं यंत्र, ओळखेना.

मग बाहेरच्या डिस्कवरची जुनी कामं उघडून बघितली. 2003 ते 2016 मधली, मला वाटत होतं सुरक्षित असलेली. सगळीकडे तीच चिन्हं. तेरा वर्षांची फाईल न् फाईल जागेवर होती, पण वाचता येत नव्हती. तो दिवस मला डिस्क गेली त्या दिवसापेक्षा जड गेला.

मार्ग निघाला. एका जुन्या सहकाऱ्याकडे तोच फॉन्ट होता, त्यामुळे जुनी कामं निदान डोळ्यांना वाचता येऊ लागली. पुस्तकाच्या 140 पानांचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टर काम करतो, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टांत अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. ती उलटापालट जोडाक्षरापाशी चुकते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ओव्यांत तर 'सासुऱ्या', 'शेजारच्या दाऱ्या' असे शब्द पावलोपावली, आणि त्या अर्ध्या 'र' ची हमखास वाट लागलेली. मी आणि गुरुजींनी सगळी पानं वहीच्या स्कॅनशी ओळीने ताडून पाहिली. उरलेली 72 पानं मी नव्याने टाइप केली. दिवाळी पाडव्याचं प्रकाशन हुकलं, पुस्तक 2023 च्या गुढीपाडव्याला आलं.

आता माझ्याकडे कशी व्यवस्था आहे ते सांगते. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे, 3-2-1. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. सांगलीत राहणाऱ्या माणसाला घराबाहेरची प्रत का हवी हे समजावून सांगावं लागत नाही. 2019 नंतर 2021 च्या जुलैतही पाणी आलंच. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत असेल तर पूर, आग, चोरी, विजेचा झटका, सगळं दोन्हींवर एकदमच येतं.

माझ्याकडे एक टीबीच्या दोन डिस्क आहेत, झाकणांवर कुंकवाच्या आणि हळदीच्या रंगाची चिकटपट्टी. एक घरी, एक मिरजेला माहेरी आईच्या कपाटात. दर शनिवारी मी मिरजेला जाते तेव्हा अदलाबदल होते. कॉपी झाली की डिस्क लगेच काढून ठेवते. कायम जोडलेली राहिली तर फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. तिसरी प्रत क्लाउडवर. वह्यांचे स्कॅन 15 जीबीच्या आसपास आणि आवाज तेवढाच, म्हणून गुगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत ते मावत नव्हतं, मी 100 जीबीची जागा विकत घेतली. इथेही एक सांगते. संगणकावर पुसलं की क्लाउडवरही आपोआप पुसलं जाईल अशी जोडणी केली असेल, तर तिला बॅकअप समजू नका. चुकून उडालेलं तिथूनही उडतं, कचरापेटीतून मुदतीत परत घेतलं तरच वाचतं.

प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये आता मूळ फाईल, पीडीएफ, युनिकोडमधला साधा मजकूर आणि परवान्यात बसत असेल तर फॉन्टही असतो.

नव्या संगणकात एसएसडी आहे, म्हणजे चकत्यांऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. त्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे टक् टक् ची सूचनाही नाही. गेली तर गुपचूप जाते, आणि पुसलेली फाईल तिच्यातून परत काढणं बहुतेक वेळा अशक्य असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं, निळा रंग चांगला, पिवळा दिसला की सावध व्हायचं. माझी जुनी डिस्क जुलैपासून फाईल उघडताना अडखळत होती. तेव्हा हे बघितलं असतं तर कदाचित पिवळा दिसला असता. यूपीएसची बॅटरीही बदलली.

आणि दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघायची असतेच, तेव्हा मी घरी असलेली डिस्क ह्यांच्या लॅपटॉपला लावते. माझ्या संगणकाला मुद्दाम नाही. कुठल्याही दहा फायली उघडते, तीन स्कॅन, तीन आवाज, चार जुनी कामं. नुसतं नाव बघून सोडत नाही, आवाज पूर्ण ऐकते. गेल्या संकष्टीला सातवी कॅसेट निघाली. जात्याची घरघर, मध्ये कोंबड्यांचा आवाज, ओवी संपते, जातं थांबतं आणि बाई विचारते, "आलं का रं त्यात?" मागून तरुण गुरुजी म्हणतात, "आलं, आक्का."

चौदाव्या कॅसेटीवर ज्यांचा आवाज होता त्यातल्या एक आजी अजून आहेत, आटपाडीजवळच्या एका वाडीवर. ऐकायला कमी येतं, पण ओव्या पाठ आहेत असं त्यांच्या नातसुनेने फोनवर सांगितलं. येत्या रविवारी मी आणि गुरुजी जाणार आहोत. दोन फोनवर एकदम रेकॉर्ड करायचं ठरलंय, आणि हळदीची डिस्क पिशवीत बरोबर घेतलीय.